नाताळच्या खरेदीत खिसा कुठे फाटतो? या चुका टाळा

आमच्या घरात एक लांबट वही आहे, वाण्याकडे उधारीला वापरतात तसली. तिच्यात दर नाताळचा हिशोब असतो. २०२२ च्या पानावर वर लिहिलंय, 'भेटी – १५,०००', आणि खाली लाल पेनाने बेरीज, २३,६४०. तेव्हा वाटलं होतं, महागाई! मग जानेवारीत एका दुपारी बसून ८,६४० रुपये गेले कुठे ते शोधलं. यादीतल्या भेटींवर जास्तीचे गेले होते फक्त ९००. बाकीचे असे: यादीत नावच नसलेली पाच माणसं ३,४००, दारावर आलेले कॅरलचे, म्हणजे नाताळची गाणी म्हणणारे, तीन गट १,५००, रंगीत कागद-रिबिनी-पिशव्या-डबे १,१४०, कुरियर ८६०, आणि शेवटच्या दोन दिवसांतल्या रिक्षा-टॅक्सी ८४०.

म्हणजे भेटवस्तू महाग नव्हत्या, मी यादी चुकीची केली होती. वसईतल्या आम्हा ख्रिस्ती घरांत हे दरवर्षी होतं, आणि बहुतेक चुका त्याच त्या असतात.

वस्तूंची यादी करणं

'दोन शर्ट, एक मिक्सर, चार खेळणी, एक पर्स' अशी यादी केली की माणसं सुटतात. यादी नावांची करा. तीन रकाने पुरतात: कोणाला, गेल्या वर्षी काय दिलं, आणि यंदा जास्तीत जास्त किती. वस्तू काय हे नंतर ठरतं.

सुटणारी नावं कोणती, हेही आता मला पाठ झालंय. धर्ममाता म्हणून बाप्तिस्म्याला ज्या पोराला हातात धरलं ते पोर (ते आता नववीत आहे, पण वाट बघतं). शिकवणीच्या बाई. सोसायटीचा वॉचमन, ज्याला दिवाळीत सगळ्या इमारतीने पोस्त दिलेली असते, पण तुम्ही ख्रिस्ती आहात म्हणून नाताळला तुमच्याकडून वेगळी अपेक्षा असते आणि ती रास्त आहे. परदेशातून अचानक उगवणारा चुलतभाऊ आणि त्याची मुलं. आणि शेजारी. दिवाळीत समोरच्या काकूंकडून फराळाचं ताट आलेलं असतं, ते रिकामं कसं परत जाईल? नाताळला त्यात कुलकुल (मैद्याचा तळलेला गोड खाऊ), करंज्या आणि केकचे दोन तुकडे जातात. आमच्याकडे अशी नऊ ताटं जातात. मैदा, तूप, खोबरं, सुका मेवा हा खर्च किराण्याच्या बिलात लपतो, म्हणून भेटींच्या हिशोबात दिसत नाही. तो तिथून उचलून इकडे लिहा.

मोठ्या कुटुंबाला एक सल्ला, जो आम्ही फार उशिरा ऐकला. आम्ही अकरा मोठी माणसं. प्रत्येकाने बाकी दहा जणांना काही दिलं तर ११० पुड्या होतात. त्यातल्या निम्म्या पुढच्या नाताळला दुसऱ्या कोणाच्या तरी घरी पोहोचतात, हे सगळ्यांना माहीत असतं आणि कोणी बोलत नाही. आता आम्ही चिठ्ठ्या टाकतो. एकाने एकालाच द्यायचं, मर्यादा १,२०० रुपये. ११० च्या ११ झाल्या. मुलांना मात्र चिठ्ठ्या नाहीत. त्यांना सगळ्यांकडून हवं असतं, आणि कोणाला काय मिळालं याची तुलना दहा मिनिटांत पूर्ण होते, म्हणून भावंडांच्या मुलांसाठी रक्कम सारखीच ठेवा.

चिठ्ठ्या डिसेंबरच्या मध्यात टाकून उपयोग नाही, तोवर अर्ध्यांनी खरेदी केलेली असते. आगमनकाळाच्या, म्हणजे नाताळाआधीच्या तयारीच्या आठवड्यांच्या, पहिल्या रविवारी, मिस्सा (चर्चमधली उपासना) आटोपून सगळे जेवायला जमतात तेव्हा उरकून घ्यावं. हा रविवार २७ नोव्हेंबर ते ३ डिसेंबर यांच्या दरम्यान येतो, म्हणजे हातात तीन-चार आठवडे राहतात.

दिवाळीच्या बोनसवर नाताळ करायचा बेत

बोनस सगळ्यांबरोबर आपल्यालाही दिवाळीलाच मिळतो. आपला सण मात्र दीड-दोन महिन्यांनी येतो. तेवढ्या काळात सेल येतात, निर्मळची जत्रा येते, गाडीचा विमा येतो. बोनस बचत खात्यात पडून राहील असं समजणाऱ्याने आपल्या घरचा नोव्हेंबर आठवून बघावा. त्यातून २५ तारीख म्हणजे महिन्याचं शेपूट. डिसेंबरचा पगार सण झाल्यावर येतो.

यावर साधा उपाय आवर्ती ठेव. नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात बारा महिन्यांचं आरडी उघडायचं, महिना १,५०० रुपये. पुढच्या नोव्हेंबरला १८,००० आणि वर व्याज हातात येतं, तेही नेमकं वेळेवर. वसईत कोणाला बँक शोधत जावं लागत नाही. बेसिन कॅथॉलिक बँक तर १९१८ सालापासून इथेच आहे. फक्त एक चूक करू नका, जी माझ्या नणंदेने केली: याच कामासाठी तिने पोस्टातलं आरडी उघडलं. ते पाच वर्षांचं असतं आणि तीन वर्षांआधी मोडता येत नाही. त्या वर्षी तिची मुलं नाताळला पोस्टाच्या पासबुकाकडे बघत बसली.

भिशीही चालते. पण नंबर कधी लागेल ते आपल्या हातात नसतं, आणि मार्चमध्ये लागलेली भिशी डिसेंबरपर्यंत टिकवणारा माणूस मी अजून पाहिला नाही.

कापड २४ तारखेला देणं

ही खास आपली चूक. कपडा ही नाताळची सर्वांत आवडती भेट, पण तो घालायचा असतो नाताळच्या मिस्सेला. म्हणजे २५ ला दिलेला ड्रेसपीस ही फेब्रुवारीतल्या लग्नाची भेट झाली.

आमच्या शिंप्याच्या दुकानात २३ डिसेंबरला एकदा जाऊन या. फळ्यांवर गठ्ठेच गठ्ठे, प्रत्येकाला टाचणीने चिठ्ठी लावलेली: 'काज-बटण बाकी', 'अस्तर आणून देणार', 'बाही ३ इंच'. यंत्रावर दोन मुलं मान वर न करता बसलेली, आणि दारात पाच बायका, प्रत्येकीचं म्हणणं एकच, की माझं तर पंधरा दिवसांपूर्वी दिलं होतं. शिंपी कोणाकडेच बघत नाही. तो नव्या ऑर्डरी डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यातच बंद करतो, ओळखीच्यांनाही. म्हणून शिवायचं कापड द्यायचं असेल तर ते नोव्हेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात द्या, शिलाईच्या पैशांसह. शिलाई न देता कापड देणं म्हणजे समोरच्याला खर्चात पाडणं. हल्ली फ्रॉकची शिलाई कापडापेक्षा जास्त होते.

तयार कपडे घेत असाल तर एक आकडा लक्षात ठेवा: २,५००. २२ सप्टेंबर २०२५ पासून जीएसटीचे दर बदलले. एका नगाची किंमत २,५०० पर्यंत असेल तर कर ५ टक्के, त्याच्या वर गेली की १८. छापील किंमतीत कर धरलेलाच असतो, तिथे प्रश्न नाही. पण बुटीकमध्ये किंवा प्रदर्शनात 'प्लस जीएसटी' म्हणतात तिथे २,४०० चा ड्रेस २,५२० ला पडतो आणि २,६०० चा ३,०६८ ला. दोनशेच्या फरकाचे साडेपाचशे झाले. अशा ठिकाणी घासाघीस २,५०० च्या खाली आणण्यापुरती तरी नक्की करावी. त्याच दिवसापासून चॉकलेटवरचा कर १८ वरून ५ वर आलाय, तेव्हा जुन्याच भावात डबा देणाऱ्या दुकानदाराला विचारायला लाजू नका.

'नो कॉस्ट' हप्ते

मुलाला मोबाइल, बायकोला फ्रीज, सगळं सहा हप्त्यांत आणि व्याज शून्य. शून्य व्याज असं काही नसतं, हे रिझर्व्ह बँकेने २०१३ मध्येच बँकांना बजावलं होतं. होतं असं, की बँक व्याज लावते आणि तेवढी सूट किंमतीत दाखवली जाते. पण प्रक्रिया शुल्क वेगळं, त्यावर १८ टक्के जीएसटी वेगळा, आणि क्रेडिट कार्डाच्या हप्त्यातल्या व्याजावरही जीएसटी. शिवाय एकरकमी पैसे भरले तर मिळणारी सवलत बऱ्याचदा हप्त्यांवर मिळत नाही. दुकानात एवढंच विचारा: 'आत्ता सगळे दिले तर कितीला?' दोन आकड्यांतला फरक म्हणजे तुमचं 'शून्य' व्याज.

क्रेडिट कार्डावर नाताळ करून फक्त किमान रक्कम भरत राहणं तर याहून वाईट. महिन्याला साडेतीन टक्क्यांच्या आसपास व्याज लागतं, आणि थकबाकी असेपर्यंत नव्या खरेदीलाही बिनव्याजी दिवस मिळत नाहीत. जानेवारीतली भाजीसुद्धा व्याजावर येते.

नोव्हेंबरात घेतलं, नाताळला उघडलं

लवकर खरेदी करणाऱ्या शहाण्यांची ही चूक, आणि मी स्वतः केलेली. सेलमध्ये रिमोटवर चालणारी गाडी घेतली, तशीच खोक्यासकट रंगीत कागदात गुंडाळून कपाटावर ठेवली. २५ ला सकाळी भाच्याने उघडली तर एक चाक फिरत नव्हतं. परत करण्याची मुदत सात दिवसांची, आणि ती मोजतात वस्तू घरी आल्यापासून. भाच्याच्या चेहऱ्याबद्दल लिहीत नाही.

खोकं आलं की त्याच दिवशी उघडा. चालवून बघा, बॅटरीचे सेल किती आणि कुठले लागतात ते बघा, ते आणा, आणि मगच गुंडाळा. बिल एका लिफाफ्यात ठेवा. खेळण्यावर आयएसआयची खूण आहे का बघा. १४ वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यांना ती १ जानेवारी २०२१ पासून सक्तीची आहे. रेल्वे पुलावरच्या ढिगातल्या खेळण्यावर ती नसते, आणि लहान मुलाच्या घरी बटणासारखे सेल असलेलं बिनखुणेचं खेळणं मी तरी देणार नाही.

वस्तू सदोष निघाली आणि दुकानदाराने 'एकदा विकलेला माल परत घेतला जाणार नाही' या पाटीकडे बोट दाखवलं, तर पाटी शेवटचा शब्द नसते. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार बिलावर मुदत लिहिलेली नसेल तर ३० दिवसांच्या आत सदोष माल परत घ्यायला नकार देणं ही अनुचित व्यापारी प्रथा ठरते. तक्रारीसाठी १९१५ हा क्रमांक आहे. मात्र हे सदोष मालापुरतं आहे. रंग आवडला नाही किंवा माप चुकलं, तर ते दुकानदाराच्या मर्जीवर, म्हणून बदलून देण्याची बोली आधीच करा आणि बिलावर लिहून घ्या.

ऑनलाइन घेताना शेवटच्या पडद्यावर न मागितलेला विमा किंवा दान आपोआप टोपलीत आलेलं असतं. या युक्त्यांना सरकारने २०२३ मध्ये नियम करून बंदी घातली आहे, तरी पैसे भरण्याआधी बेरीज स्वतः करा.

गिफ्ट कार्ड हा घाईतला सोपा मार्ग. बँकेचं असेल तर १०,००० पर्यंतच मिळतं आणि किमान वर्षभर चालतं. दुकानाच्या स्वतःच्या कूपनाला हे नियम लागू नाहीत, मागच्या बाजूची बारीक अक्षरं वाचा.

आता २० तारीख उजाडली आहे आणि पैसे संपलेत

असंही होतं. मग यादी काढा आणि मोठ्यांची नावं खोडा. त्यांना फोन करून सांगा, यंदा मुलांपुरतंच. बहुतेकांना सुटल्यासारखं वाटेल, कारण त्यांचीही तीच गत असते. मुलांच्या भेटी राहू द्या, पण एकेकच.

ज्यांना काही दिल्याशिवाय चालणारच नाही त्यांना घरचं द्या. पाव किलो कुलकुल काचेच्या बरणीत घातलं तर कोणालाही विकतच्या मगापेक्षा आवडतं. मुंबईत राहणाऱ्या नातेवाइकांसाठी आगाशीकडची सुकेळी न्या. राजेळी केळी उन्हात सुकवून केलेली ही वस्तू त्यांना त्यांच्या मॉलमध्ये मिळत नाही. परदेशातल्या नातवंडांना आता पार्सल पाठवू नका, पोहोचेपर्यंत ईस्टरच्या आधीचा पाम संडे येईल. त्यांच्याच देशातल्या संकेतस्थळावरून मागवा आणि सोबत चिठ्ठी तुमच्या अक्षरातली फोटो काढून पाठवा.

आणि हातातले सगळे पैसे २४ पर्यंत संपवू नका. आगमनकाळात आपल्याकडे सहसा लग्नं लावत नाहीत, त्यामुळे तुंबलेली सगळी लग्नं २६ पासून सुरू होतात. गेल्या वर्षी आमच्या टेबलावर नाताळच्या कार्डांपेक्षा लग्नपत्रिका जास्त होत्या, आणि प्रत्येक पत्रिकेमागे आहेराचं एक पाकीट.

वहीतला 'काय दिलं' हा रकाना मी २७ तारखेच्या संध्याकाळी भरते, आठवणीत असतं तोवर. सासूबाई सांगतात, मी लिहिते. गेल्या खेपेला लिहिताना दिसलं, की आतेसासूबाईंच्या नावापुढे सलग तीन वर्षं 'शाल' आहे. दोघींनी एकमेकींकडे पाहिलं. सासूबाई म्हणाल्या, "तरीच ती परवा विचारत होती, तुमच्याकडे थंडी फार असते का गं?"