पाणबुडीचा खेळ आधी कानाने खेळा

‘सायलेंट हंटर ३’ किंवा ‘वुल्फपॅक’ हा पाणबुडीचा संगणकीय खेळ सुरू केला की नवा खेळाडू लगेच पेरिस्कोपला डोळा लावतो. माझं सांगणं आहे की तो खाली घ्या आणि आधी ध्वनिकक्षात जाऊन बसा. मी तबला शिकते, आणि या खेळात मला सगळ्यात जास्त उपयोग त्याच तयार झालेल्या कानाचा झाला आहे.

दोन्ही खेळांत मी दुसऱ्या महायुद्धातली जर्मनीची ‘टाइप ७सी’ पाणबुडी घेते. तिची लांबी ६७ मीटर, पण माणसं ज्या पोलादी नळकांड्यात राहतात त्याची रुंदी फक्त ४.७ मीटर. नाकाशी टॉर्पेडोच्या चार नळ्या, मग अधिकाऱ्यांची जागा, मधोमध नियंत्रण कक्ष आणि त्याच्या डोक्यावर कॉनिंग टॉवर, म्हणजे छोटा बुरूज. मागे स्वयंपाकाची जागा, डिझेल इंजिनं, विजेच्या मोटारी आणि शेपटाला पाचवी नळी. हा क्रम पाठ करा. पाणी कुठे शिरतंय हे कळलं की कोणती माणसं तिकडे पाठवायची, हे तेव्हा शोधत बसावं लागत नाही.

भाचा हॅम्बुर्गला असतो. त्याच्याबरोबर मी कीलजवळच्या लाबोला गेले होते. तिथे किनाऱ्यावर त्याच घराण्यातली ‘यू-९९५’ पाणबुडी ठेवलेली आहे. नियंत्रण कक्षातून गोल दारातून अंग चोरून पुढे गेलं की डावीकडे कप्तानाचा बिछाना आणि समोर, उजवीकडे, रेडिओ आणि ध्वनियंत्राच्या चिंचोळ्या खोल्या. कप्तानाला एकांत म्हणून काय, तर एक पडदा. ऐकणाऱ्याने हळू आवाजात सांगितलं तरी कप्तान उठेल, इतकं ते जवळ आहे. तेव्हापासून खेळात मी स्वतःला त्याच जागी बसलेली समजते.

ऐकण्याच्या मुख्य यंत्राचं नाव जीएचजी. पाणबुडीच्या नाकाजवळ दोन्ही अंगांना हायड्रोफोनच्या, म्हणजे पाण्यातला आवाज टिपणाऱ्या मायक्रोफोनच्या, रांगा बसवलेल्या असत. आवाज प्रत्येकापाशी किंचित मागेपुढे पोचतो. ऐकणारा चाक फिरवून तो फरक भरून काढायचा, आणि आवाज सगळ्यात ठळक झाला की ती दिशा. दोन्ही बगलांना याचा कान तीक्ष्ण, अगदी नाकासमोर आणि शेपटामागे कच्चा. मागे तर स्वतःच्याच प्रोपेलरचा आवाज आड येतो. म्हणून शंका आली की पाणबुडी थोडी वळवा आणि मागची बाजू बगलेत आणून पुन्हा ऐका. १९४३ पासून नाकाखाली बसवायला लागलेल्या ‘बाल्कोन’ यंत्राने दिशा जास्त नेमकी मिळू लागली. खेळात ते मिळालं तर जरूर बसवा.

आता प्रत्यक्ष ऐकणं. डिझेल चालू असताना काही हाती लागत नाही. वीसपंचवीस मीटर खाली जा, मोटारी अगदी मंद ठेवा आणि चाक शून्यापासून ३६० अंशांपर्यंत सावकाश फिरवा. मालवाहू जहाजाचा ठोका जड आणि विलंबित असतो. विनाशिकेचा इतका द्रुत, की मात्रा मोजायला जीभ पुरत नाही. अर्ध्या मिनिटात किती ठोके पडतात ते वहीत लिहा. लय अचानक चढली, तर तुमचा सुगावा लागला असं धरा.

दिशा लिहिताना एक चूक हमखास होते. यंत्रावरचा कोन तुमच्या नाकापासून मोजलेला असतो. तुमचा मार्ग ४० अंश आणि आवाज ७० वर, तर खरी दिशा ११०. हे न मिळवता मध्येच वळल्यामुळे माझ्या हातून एक अख्खा ताफा निसटला होता, आणि ती रात्र अजून मनात सलते. दर दहा मिनिटांनी खरी दिशा टिपा. ११०, १०४, ९७ अशी उतरत गेली आणि आवाज वाढत असला, तर जहाज तुमच्या पुढून जाणार आहे. तुम्हालाही तिकडे सरकायला हवं. दिशा हललीच नाही आणि आवाज वाढला, तर ते थेट तुमच्या वाटेवर येतंय.

पाठलाग सुरू झाला की ॲस्डिकची, म्हणजे ध्वनी सोडून प्रतिध्वनीवरून पाणबुडी शोधणाऱ्या विनाशिकेवरच्या यंत्राची, टिंग-टिंग ऐकू येईल. ती दाट होत गेली म्हणजे विनाशिका जवळ येतेय. या वेळी पळू नका. मूकगती लावा, टॉर्पेडो भरण्याचं आणि दुरुस्तीचं काम थांबू द्या. त्या काळच्या ॲस्डिकचा झोत पुढे जायचा, त्यामुळे विनाशिका अगदी डोक्यावर आली की खोल गेलेली पाणबुडी तिच्या झोताखालून निसटायची. टिंग बंद आणि प्रोपेलरचा घरघराट वर, तोच क्षण पकडा: सुकाणू पूर्ण वळवा, वेग पूर्ण द्या. विनाशिकेने टाकलेले पाणबुडीविरोधी बॉम्ब (डेप्थ चार्ज) फुटून पाणी ढवळलेलं असेपर्यंत पळा, आणि शेवटचा स्फोट विरायच्या आत मोटारी पुन्हा मंद करून चाकावर हात ठेवा.