नागपूरच्या हवेत तंबोरा कसा लावावा: खुंटीपेक्षा दोऱ्याची गोष्ट

तंबोरा लावायला मोबाईलवरचं ट्यूनर पुरतं असं कुणी सांगितलं, तर त्याने चार तारा एकत्र वाजताना नीट ऐकलेल्या नाहीत असं खुशाल समजा. ट्यूनर एका वेळी एका तारेचा आकडा दाखवतो. जवारी, म्हणजे तारा ज्यावर टेकतात त्या घोडीमुळे उठणारा झणकार, उघडी असेल तर वरचे स्वर इतके जोरकस येतात की तो आकडाही धड ठरत नाही. कधी षड्ज दाखवतो, कधी पंचम. त्यातून तो मोजतो पेटीच्या मापाने. काळी एकच्या (पेटीची पहिली काळी पट्टी षड्ज धरलेल्या) तंबोऱ्यात खर्ज, म्हणजे सगळ्यात खालचा षड्ज, साधारण ६९.३ हर्ट्झचा असतो. प्रत्येक तारेतून मूळ स्वरासोबत वरचे उपस्वरही निघतात; मूळ स्वर पहिला धरला, तर खर्जाचा तिसरा आणि पंचमाचा दुसरा उपस्वर तंतोतंत एक व्हायला हवेत. पंचम ट्यूनरच्या आकड्यावर ठेवला, तर त्या दोघांत पाव हर्ट्झचा फरक राहतो आणि दर चार सेकंदांनी आवाज डोलवणारी एक लाट येत राहते. आकडा बरोबर, तंबोरा बेसूर. म्हणून षड्ज कुठला घ्यायचा एवढ्यापुरती पेटी किंवा ट्यूनर घ्या, मग दोन्ही बाजूला ठेवा.

तारा गंजलेल्या नाहीत, घोडी जागेवर आहे आणि भोपळा चुंबळीवर नीट बसवलाय, हे मी गृहीत धरतो.

आधी हवा

पुण्यात शिकलेले लोक इथे येऊन इथेच अडतात. मे महिन्यात पारा पंचेचाळिशीला टेकतो, हवा हाडं वाळवते आणि खुंट्या आकसून आपोआप फिरू लागतात. त्यावर उपाय खडू: खुंटी काढा, पांढरा खडू घासा, दाबून परत बसवा. पावसाळ्यात उलटं होतं, खुंटी फुगून अडते. तेव्हा कोरडा साबण. तेल कधीच नको.

खरा शत्रू मात्र कूलर. खसच्या ताट्यांतून येणारी ओली हवा गाणाऱ्याला गार करते, पण भोपळा, तबली (भोपळ्यावरचं लाकडी झाकण), घोडीवर तारांखाली घातलेले दोरे सगळं ती पीत राहतं. तंबोरा कूलरच्या झोतात ठेवून लावला, तर कूलर बंद केल्यावर तो उतरणार किंवा चढणार, यात शंका नाही. मग ‘काहून उतरला बाप्पा?’ म्हणून कारागिराला दोष देऊ नका. ज्या जागी वाजवायचा, तिथे गवसणी काढून अर्धा-पाऊण तास नुसता ठेवा. झोतापासून लांब.

एसी गाडीतून उतरवून थेट मंचावर नेलात तर खर्ज सगळ्यात आधी पडेल. पितळ उष्णतेने पोलादाच्या दीडपटीहून थोडं जास्तच पसरतं, आणि दांडीचं लाकूड लांबीला जवळजवळ हलत नाही. तार लांबली की ताण गेला. डिसेंबरातल्या उघड्यावरच्या मैफलीत याच्या उलट होतं: रात्र गार होत जाते आणि तंबोरा चढत जातो.

खुंट्या

दोरे काढून टाका. आधी मधले दोन जोड (षड्जाच्या मधल्या दोन तारा), मग चौथी तार खर्ज, शेवटी पहिली तार पंचम. आत्ता कामचलाऊ लागले तरी चालेल. रागात पंचम नसेल तर पहिली तार रागाप्रमाणे मध्यमावर किंवा निषादावर घ्या.

दोरा

जवळजवळ सगळे इथे फसतात आणि मलाही याच पायरीने बरीच वर्षं दमवलं. कारण शिकवणारे ‘दोरा घाल आणि सरकव’ एवढंच सांगतात. काय ऐकायचं ते कुणी सांगत नाही.

आधी तिथे घडतं काय ते पाहा. घोडीचा माथा सपाट वाटतो, पण तो अगदी हलक्या उताराने घासलेला असतो. तार हलताना दर फेरीत या उताराला टेकते आणि सुटते. प्रत्येक टेकण्यात मूळ स्वरातली थोडी शक्ती वरच्या उपस्वरांत जाते. दोरा तारेला केसभर उचलतो आणि तार व माथा यांच्यातली फट ठरवतो. फट जास्त झाली तर तार टेकतच नाही, आवाज बंद आणि मुका येतो. कमी झाली तर ती माथ्यावर आपटत राहते आणि कोरडी झरझर येते. कामाची जागा या दोहोंच्या मध्ये, मिलिमीटरच्या अंशात.

सी. व्ही. रामन १९१० मध्ये वित्त खात्याच्या नोकरीत बदली होऊन आपल्या नागपुरात होते. पुढे कोलकात्यात त्यांनी याच घोडीचा अभ्यास केला आणि १९२१ मध्ये तो मांडला. साध्या तारेचा नियम असा की जिथे छेडाल, तिथे ज्या उपस्वराचा स्थिर बिंदू (जिथे तो उपस्वर तारेला हलवत नाही) येतो तो उपस्वर निघतच नाही. तंबोरा हा नियम पाळत नाही, हे त्यांनी दाखवलं. मी हेच जवारीच्या चाचणीसाठी वापरतो. तार बरोबर मध्यावर छेडा आणि लगेच त्याच जागी बोट हळूच टेकवा. दोरा चुकीच्या जागी असेल तर आवाज जवळजवळ मरतो. जवारी लागली असेल तर वरचा षड्ज स्पष्ट गात राहतो.

आता हात. शिवणाचा साधा सुती दोरा घ्या. जोडांना बारीक, खर्जाला जरा जाड. रेशमी दोरा दिसतो छान, पण माझ्या हाताला तो घसरतो. दोरा तारेखालून घाला, दोन्ही टोकं चिमटीत सारख्या ताणाने धरा आणि दुसऱ्या हाताने तार सतत छेडत ठेवा. दोरा पुढे न्यायचा की मागे, याचा ठोक नियम सांगणाऱ्यावर विश्वास ठेवू नका. प्रत्येक घोडीची घासणी वेगळी असते. दोन्हीकडे सरकवून बघा, पण इतकं हळू की सरकलेलं डोळ्याला दिसू नये, फक्त कानाला कळावं. तिरपा ओढला तर तारही सोबत सरकते आणि सगळं पहिल्यापासून.

आवाज एकदम मोठा झाला की लोक थांबतात. तिथे थांबू नका. सर्वांत मोठा आवाज देणारी जागा बहुतेक वेळा लवकर विझणारी असते. छेडल्यावर झणकार आधी वर चमकला पाहिजे आणि मग हळूहळू खाली उतरत गेला पाहिजे, लांबवर, मध्ये न तुटता. तो उतार ऐकू आला की बोटं सोडा. लगेच. ‘अजून थोडं’ म्हणून सरकवलंत की गेलं.

मी पहिला जोड नमुना म्हणून लावतो, दुसरा जोड त्याच्या रंगाशी जुळवतो, मग पंचम, आणि खर्ज शेवटी. चार तारांपैकी एकच खूप उघडी असेल तर ती बाकी तिघींना झाकून टाकते. अशा वेळी तिलाच थोडी बंद करा, बाकीच्यांना ओरडायला लावू नका.

मणी

दोरा सरकला की स्वरही किंचित हलतो, म्हणून शेवटचं लावणं दोऱ्यानंतरच. घोडीमागे तारेत ओवलेला मणी लंगोटाकडे (तारांची खालची टोकं जिथे अडकवतात तिकडे) सरकवला की स्वर चढतो, घोडीकडे आणला की उतरतो. खुंटीला आता हात नको.

जवारी उघडल्याचा फायदा इथे दिसतो. दोन जोडांत अर्ध्या हर्ट्झचा फरक असेल तर मूळ स्वरात दोन सेकंदांत एकच लाट येते, ती सहज निसटते. चौथ्या उपस्वरात मात्र त्याच वेळात चार येतात. म्हणून मूळ स्वर ऐकत बसू नका, वरच्या झणकारात डोलणं शोधा आणि ते थांबेपर्यंत मणी हलवा. तबलीवर हात टेकवून ऐकू नका. तार स्वतः फारशी हवा हलवत नाही, आवाज बाहेर फेकतात तबली आणि भोपळा, आणि तुम्ही तीच दाबून धरता.

सगळं जमलं की खर्जातून गंधार आपोआप येतो. तो खर्जाचा पाचवा उपस्वर, काळी एकमध्ये साधारण ३४६.५ हर्ट्झ. पेटीचा गंधार ३४९ च्या वर. तो वाजवून तंबोरा ‘तपासू’ नका. त्या दोघांचं पटणार नाही, आणि चूक तंबोऱ्याची नाही.

कधी सोडून द्यावं

एवढं करूनही एखादी तार कुठेच उघडत नसेल, तर तारेखालचा माथा पाहा. तिथे चर पडले असतील तर दोऱ्याचं काम संपलं, घोडी घासून घ्यावी लागेल. ती घरी सँडपेपरने घासायचे व्हिडिओ बघून कुणी बसलं असेल तर त्याच्या हातातून कागद काढून घ्या. चुकीच्या दिशेने गेलेला एक हात घोडी निकामी करतो. गावात जाणता कारागीर असेल तर उत्तम. नसेल तर तंबोरे घडवणाऱ्यांचं मिरज. महाराष्ट्र एक्सप्रेस नागपूरहून थेट तिथे जाते. नुसती घोडी पाठवू नका. जवारी काढणाऱ्याला ती त्याच तबलीवर, त्याच तारांखाली ऐकायची असते, म्हणून अख्खा तंबोरा न्या. गाडीत तारा थोड्या सैल करा आणि भोपळ्याकडची बाजू मांडीवर घ्या.