सर्व्हेच्या जुन्या फोटोंमधले नवाहो लोक: फोटो वाचायचा कसा

टिमोथी ओ'सलिव्हन या अमेरिकन फोटोग्राफरचा १८७३ चा एक फोटो आहे, जुन्या फोर्ट डिफायन्स या लष्करी ठाण्याजवळचा, त्यात काही नवाहो (अमेरिकेच्या नैऋत्येतले मूळ रहिवासी) माणसं बसलीयत आणि सोबत उभा माग आहे. लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या साइटवर फुकट मिळतो, पण मोठी टिफ फाइलच डाउनलोड करा, छोट्या साइजमध्ये काही कळत नाही.

आधी माणसांकडे नाही, फोटो ज्या पुठ्ठ्यावर चिकटवलाय त्यावर छापलेल्या मजकुराकडे बघा. वॉर डिपार्टमेंट (अमेरिकेचं युद्धखातं) दिसलं की समजायचं हा लेफ्टनंट व्हीलरच्या, अमेरिकेच्या पश्चिम भागाच्या सर्व्हेचा फोटो, म्हणजे खर्च लष्कराचा आणि नकाशेही त्यांनाच हवे होते. कॅप्शनमध्ये 'नवाहो इंडियन लोकांचं आदिम जीवन' अशा अर्थाचे शब्द आहेत आणि एकाही माणसाचं नाव नाही, हे मला फार खटकतं.

मग चेहरे. ताठ बसलेत म्हणून 'गंभीर जमात' वगैरे ठरवू नका! तेव्हा काचेवर कोलोडियन नावाचं चिकट रसायन लावून ती ओली असतानाच फोटो काढून धुवायचा, एक्सपोजर काही सेकंदांचं, हललात की चेहरा पुसला जाणार. शिवाय त्या काचेला लाल रंग जवळपास दिसतच नाही, तो काळा येतो आणि निळा फिका पडतो, त्यामुळे कापडाचे रंग किंवा कातडीचा रंग यावरून काहीही अंदाज बांधू नका.

आता सगळ्यात महत्त्वाचं, साल. १८६३-६४ मध्ये किट कार्सन या अमेरिकन अधिकाऱ्याच्या फौजेने नवाहोंची पिकं, मेंढ्या, कॅन्यन डी शे या त्यांच्या दरीतली पीचची झाडं उद्ध्वस्त केली आणि हजारो लोकांना शेकडो मैल चालवत बॉस्क रेडोंडो या लष्करी छावणीत नेऊन डांबलं, सुटका झाली ती १८६८ च्या करारानंतर. त्या करारात सरकारने त्यांना १५,००० मेंढ्या-बकऱ्या द्यायचं कबूल केलं होतं. म्हणजे फोटोतला माग हा घरी परतून जेमतेम पाच वर्षं झालेल्या, पुन्हा कळप उभे करून विणायला बसलेल्या लोकांचा माग आहे, आणि कॅप्शन मात्र हे असंच युगानुयुगं चालत आलंय असं भासवते. मागावर झूम करा, नीट वेळ द्या त्याला.

हे झालं की ओ'सलिव्हनचाच त्याच वर्षीचा कॅन्यन डी शेमधल्या प्राचीन अवशेषांचा फोटो उघडा, प्रचंड कडा आणि खाली इवलीशी घरं, बघून वाटतं इथे फक्त पूर्वीच कोणीतरी राहत होतं, पण नवाहो कुटुंबं त्या कॅन्यनमध्ये तेव्हाही शेती करत होती आणि आजही करतात, म्हणून दोन्ही फोटो शेजारी-शेजारी ठेवूनच बघा.