शास्त्रीय गाण्यांचं कलेक्शन टॅग करताय? आधी रागाचं बघा

म्युझिक प्लेअर बनवणाऱ्यांच्या डोक्यात असतं ते सिनेमाचं गाणं, म्हणजे टॅगमध्ये (फाईलीतच साठवलेली गाण्याची माहिती) गायक, अल्बम, गाण्याचं नाव, झालं. आपल्याला रात्री मालकंस राग ऐकायचा असतो, मग कुणाचाही चालेल, आणि तिथेच सगळं अडतं.

म्हणून रागासाठी वेगळं फील्ड करा. एमपीथ्रीटॅग या टॅग बदलायच्या प्रोग्रॅममध्ये फायली सिलेक्ट करून एक्स्टेंडेड टॅग्जमध्ये 'राग' नावाचं फील्ड टाकता येतं. पण बरेचसे मोबाईल प्लेअर असलं घरचं फील्ड दाखवतच नाहीत, त्यामुळे मी तोच राग जॉनरमध्येपण टाकतो. शुद्धतावादी लोक म्हणतील जॉनर म्हणजे ख्याल, ठुमरी वगैरे, बरोबरे त्यांचं, पण मला शोधल्यावर सापडायला हवंय ना.

स्पेलिंग एकदाच ठरवा आणि एका फाईलीत यादी करून ठेवा. माझ्याकडे मालकंस, मालकौंस, मालकोश असे तीन राग झाले होते, भीमपलास आणि भीमपलासी वेगळेच, आणि एक फाईल इंग्रजीत होती ती तर सहा महिने सापडलीच नाही.

टायटलमध्ये 'ट्रॅक ३' नको. 'यमन - एरी आली पिया बिन - द्रुत तीनताल' असं लिहा, बंदिशीचे पहिले शब्द आले की लगेच कळतं. आणि ट्रॅक नंबर टाकाच! नाहीतर अक्षरांप्रमाणे क्रम लागतो, म्हणजे कधी द्रुत (जलद) आधी वाजतं आणि मग विलंबित (संथ), म्हणजे बडा ख्याल शेवटी, काय मजा राहिली त्यात.

अल्बम आर्टिस्टमध्ये फक्त मुख्य कलाकार. तबला, हार्मोनियमवाले तिथे घातलेत की एकट्या भीमसेनजींचे पंचवीस भीमसेनजी होतात. साथीदारांची नावं कमेंटमध्ये टाका, पण टाका, तबल्यावर कोण होतं हे नंतर कुणालाच आठवत नाही. नावाआधी पंडित, उस्तादपण लावू नका, सगळे प मध्ये आणि उ मध्ये जाऊन बसतात (मान मनात ठेवा).

साल टाकताना सीडी कधी आली ते नको, रेकॉर्डिंग कधीचं ते हवं. गायिका केसरबाई केरकर 1977 मध्ये गेल्या, त्यांच्या नावापुढे 1995 दिसलं की विचित्र वाटतं. नक्की साल माहीत नसेल तर रिकामं सोडा.

पिकार्डसारखं आपोआप टॅग करणारं काही वापरणार असाल तर आधी फोल्डरची कॉपी काढा. मैफिलीची खाजगी रेकॉर्डिंग्ज त्याला ओळखू येत नाहीत, आणि घाईत चुकीचं मॅच सेव्ह केलं की जुने टॅग गेले.