हिरोच्या मागं बघा: पिक्चर-सिरियलवरून वाई-मेणवलीचा इतिहास कसा शोधायचा

शूटिंगचं ठिकाण बघायला गेलेली माणसं साधारण काय करतात, तर हिरो उभा होता तिथं उभं राहून फोटो काढतात, एक रील टाकतात आणि निघतात. मजा येते, हरकत काही नाही, पण त्याच पिक्चरमधून त्या भागाचा बराच इतिहास हाती लागू शकतो. त्यासाठी एकच सवय लावून घ्यायची: दुसऱ्यांदा बघताना गोष्टीकडं दुर्लक्ष करायचं आणि हिरोच्या मागं काय दिसतंय ते बघायचं. गोष्टीतलं गाव कुठलंही असेल, मागचा घाट, वाडा, नदी खरीच असते.

शिकायला वाईसारखी जागा नाही. 'स्वदेस' (२००४) मधलं चरणपूर गोष्टीत उत्तर प्रदेशात आहे, पण ते गाव म्हणजे वाईजवळची मेणवली. 'गंगाजल' (२००३) मध्ये हाच परिसर बिहार झाला, 'दबंग' (२०१०) मध्ये परत उत्तर प्रदेश, आणि 'चेन्नई एक्सप्रेस' (२०१३) मध्ये थेट तमिळनाडू. म्हणजे इतक्या वेळा पडद्यावर येऊनसुद्धा वाईला वाई म्हणून कुणी फारसं दाखवलंच नाही, याचं मला जरा वाईटच वाटतं. पण आपल्याला एकाच जागेची वेगवेगळ्या वर्षांची चित्रं आयती मिळतात ना, हा फायदा आहेच.

आता प्रत्यक्ष करायचं कसं ते बघा. पिक्चर मोबाईलवर नको, मोठ्या स्क्रीनवर लावा. गाणी सुरू झाली की सावध व्हा, कारण संवादाच्या सीनमध्ये कॅमेरा तोंडावरच असतो, गाण्यात मात्र तो लांब जातो आणि अख्खा घाट, कळस, डोंगराची कड सगळं एका फ्रेममध्ये येतं. तिथं थांबवून स्क्रीनशॉट घ्या आणि त्याला पिक्चरचं नाव, साल आणि कितव्या मिनिटाला आहे ते लिहून ठेवा, नाहीतर आठवड्याभरात गॅलरीत सगळी खिचडी होते. डोंगराची कड सगळ्यात भरवशाची. पाटी रंगवून बदलता येते, भिंतीला नवा रंग देता येतो, सेटवाले तर खोटं देऊळसुद्धा उभं करतात, पण मागचा डोंगर कुणाला हलवता येत नाही. ती कड सॅटेलाइट नकाशाच्या थ्रीडी व्ह्यूशी जुळवली की कॅमेरा कुठल्या बाजूला तोंड करून होता ते कळतं.

शेवटची श्रेयनामावली संपेपर्यंत उठू नका. 'विशेष आभार' मध्ये ग्रामपंचायत, नगरपालिका, पोलीस स्टेशन, देवस्थान, कधी कधी वाड्याच्या मालकांचं घराणं अशी नावं पटापट वर सरकत जातात, आणि लोकेशनचा याच्याइतका पक्का लेखी पुरावा दुसरा नाही. सुरुवातीचं सेन्सॉरचं सर्टिफिकेटही बघा, त्यावरची तारीख मिळाली की घाट त्याआधी कधीतरी शूट झालाय एवढं नक्की होतं.

जागा कळली की खरा इतिहास सुरू होतो. मेणवलीचा तो घाट आणि त्याच्या काठचा वाडा नाना फडणवीसांचा. नाना म्हणजे पेशवाईतला सगळ्यात धोरणी माणूस, १८०० साली वारले, आणि त्यांच्या या वाड्यात सापडलेले कागद 'मेणवली दप्तर' म्हणून इतिहासाच्या अभ्यासकांना माहीत आहेत. घाटावर उतरलात की देवळांच्या शेजारी एका छोट्या बांधकामात टांगलेली मोठी घंटा दिसेल, ती जवळ जाऊन नीट बघा. तिच्यावर मेरी आणि बाळ येशू आहेत! १७३९ साली चिमाजी अप्पांनी पोर्तुगीजांकडून वसईचा किल्ला घेतला, तिथल्या घंटांपैकी ही एक, आणि ती कृष्णेच्या काठी येऊन देवाच्या सेवेला लागली. आता ही घंटा डोक्यात ठेवून पिक्चर परत लावा, घाटाचा प्रत्येक सीन वेगळा दिसायला लागतो की नाही बघा.

तसंच वाईच्या ढोल्या गणपतीचं. घाटाचा लांबचा शॉट असला की त्याचा कळस फ्रेममध्ये येतोच. हे देऊळ पेशव्यांचे सरदार रास्ते यांनी १७६२ मध्ये बांधलं. पडद्यावर समोरची बाजू दिसते, पण तुम्ही गेलात की मागं जा. मागची भिंत माशासारखी निमुळती केलीय, कृष्णेला पूर आला की पाणी त्या टोकावर फुटून दोन्ही बाजूंनी निघून जावं म्हणून. हे असलं कुठल्याच पिक्चरमध्ये कळत नाही, पण पिक्चरमुळं तिथं पोचलात तर दिसतं.

मग वाचन. फार नको, सातारा जिल्ह्याचं जुनं गॅझेटियर, म्हणजे सरकारी माहितीग्रंथ (मुंबई इलाख्याच्या मालिकेतला १९ वा खंड, १८८५) नेटवर फुकट मिळतं, त्यातलं वाईवरचं टिपण वाचून स्क्रीनशॉटशेजारी ठेवा. पडद्यावर काय काय आलंच नाही ते असल्या वाचनातून कळतं. अफझलखान वाईचा सुभेदार होता आणि १६५९ मध्ये प्रतापगडाखाली जायच्या आधी त्याचा तळ इथंच होता, वाईच्या सात आळ्यांचे सात घाट आहेत आणि तिथं आळीपाळीनं कृष्णाबाईचा उत्सव होतो, आणि गॅझेटियरच्या बऱ्याच नंतर मराठी विश्वकोशाचं कामही याच गावातून चाललं. उत्तर प्रदेशातल्या इन्स्पेक्टरच्या गोष्टीत हे यायचं तरी कुठून!

गावात गेल्यावर हिरो कुठं राहिला होता हे विचारू नका, त्याचं उत्तर सगळ्यांचं पाठ असतं आणि दर वेळी वेगळं असतं. त्यापेक्षा स्क्रीनशॉट दाखवा आणि विचारा की यातलं आता काय नाही, कुठली भिंत शूटिंगवाल्यांनी उभी केली होती, गर्दीत गावातलं कोण आहे. गर्दीत उभी राहिलेली माणसं त्या दिवसाचं बारीकसारीक सांगतात, आणि त्यातून गाव कसं बदललं तेही आपोआप बाहेर येतं.

ऐतिहासिक पिक्चर-सिरियल बघताना मात्र उलटं करा, तिथं मागची भिंतसुद्धा शंकेनंच बघायची. शनिवारवाड्याचे झगमगते महाल पडद्यावर दिसले की ते सेटच आहेत असं समजा, कारण १७३० मध्ये पाया घातलेला तो वाडा १८२८ च्या आगीत जळाला आणि आज तटबंदी, दरवाजे आणि आतली जोतीच उरलीत. असल्या वेळी पिक्चर बघून आधी जोत्यांवरून फिरा आणि कुठला महाल कुठं होता ते पाट्यांवरून जुळवा, त्यात जास्त मजा आहे.

भूगोलाची फसवाफसवी तर सर्रास चालते. 'तुंबाड' (२०१८) मधलं गाव कोकणातलं, पण तो भिजलेला वाडा देशावरच्या सासवडचा, पुरंदऱ्यांचा. सासवडला गेलात तर भुताच्या गोष्टीपेक्षा पेशवाईच्या सुरुवातीला बाळाजी विश्वनाथांच्या बरोबर असलेलं हे घराणं काय होतं ते वाचून जा. सिरियलवाले त्या मानानं सरळ असतात, एकच घर वर्षभर वापरतात म्हणून ते सापडायलाही सोपं. 'रात्रीस खेळ चाले' मुळं सिंधुदुर्गातल्या आकेरीला लोक नाईकांचा वाडा बघायला धावले, पण त्याच आकेरीतलं रामेश्वराचं देऊळ किती जणांनी बघितलं देव जाणे.

जायचं असेल तर पाऊस सरल्यावर जा, पुराच्या दिवसांत घाटाच्या खालच्या पायऱ्या पाण्यात असतात आणि फ्रेम जुळवताच येत नाही. मेणवलीचा वाडा खाजगी आहे, आत सोडतील का ते आधी विचारायचं आणि नाही म्हणाले तर हुज्जत न घालता घाटावर बसायचं. ड्रोन विचारल्याशिवाय उडवू नका. आणि परत आल्यावर जुना स्क्रीनशॉट आणि तुमचा आत्ताचा फोटो एकाच फाइलमध्ये शेजारी ठेवा, दोन्हीवर साल टाकून, कारण पुढचं शूटिंग आलं की परत कुठली तरी भिंत रंगवणारच आहेत.