निवृत्त होणाऱ्या खेळाडूचा करार ट्रेडमध्ये कसा वापरायचा

एनबीए या अमेरिकन बास्केटबॉल लीगमध्ये ट्रेड, म्हणजे संघांमधली खेळाडूंची अदलाबदल, जुळतो तो पगाराच्या आकड्यांवर. सॅलरी कॅपच्या (संघाच्या एकूण पगाराची लीगने ठरवलेली मर्यादा) वर गेलेल्या संघाला मोठ्या पगाराचा खेळाडू आणायचा तर त्या मानाने पगार बाहेर पाठवावाही लागतो. जाणारा खेळाडू पुढे खेळणार की घरी बसणार, हे आकडेमोडीत कुठेच येत नाही. म्हणूनच निवृत्तीच्या बेतात असलेल्याच्या करारालाही भाव येतो.

आधी खेळाडूला थांबवा. निवृत्तीचे कागद लीगकडे गेले किंवा संघाने त्याला वेव्ह केलं (करारातून मोकळं केलं), की त्या कराराचा ट्रेड होत नाही. निरोपाची भाषणं नंतर. तोवर संघाच्या 15 जणांतली त्याची जागा अडकून राहते, ते धरूनच चाला. मात्र ‘आत्ता थांब, तुझं मागाहून बघू’ असा तोंडी शब्द देऊ नका. कराराबाहेरचा सौदा म्हणजे कॅप चुकवणं, आणि त्याचा दंड जबर असतो.

मग करार काढून हमीची रक्कम, म्हणजे खेळाडूला काढलं तरी द्यावाच लागणारा पगार, बघा. बहुतेकांचं गणित इथेच चुकतं. 2015 मध्ये क्लीव्हलंडकडे ब्रेंडन हेवूडचा 1 कोटी 5 लाख डॉलरचा करार होता, हमी शून्य. तो पोर्टलंडला धाडून त्यांनी तेवढ्याच रकमेचं ट्रेड एक्सेप्शन (नंतर तेवढ्या पगाराचा खेळाडू बदल्यात पगार न पाठवता घेण्याची सवलत) मिळवलं आणि 2016 च्या फेब्रुवारीत त्यातून चॅनिंग फ्राय आणला. पोर्टलंडने हेवूडला वेव्ह केलं. तो पुन्हा एनबीएत खेळला नाही. लीग आणि खेळाडूंच्या संघटनेतल्या 2017 च्या सामूहिक कराराने ही वाट बंद केली. आता जाणाऱ्या बाजूला फक्त हमीची रक्कम मोजतात: पगार 80 लाख, हमी 20 लाख, तर तुमच्या हातात 20 लाखच. हमी वाढवून घेता येते, पण मग ते पैसे कुणाला तरी खरोखर मोजावे लागतात.

तुमचा संघ एप्रनच्या कुठल्या बाजूला आहे तेही पाहा; एप्रन म्हणजे कॅपच्याही वरच्या दोन पगार-मर्यादा, ज्या ओलांडल्या की निर्बंध वाढतात. पहिल्या एप्रनच्या वर असाल तर पाठवाल त्यापेक्षा एक डॉलरही जास्त घेता येत नाही. दुसऱ्याच्या वर असाल तर दोन करारांची बेरीज करून एक मोठा खेळाडू आणता येत नाही, सोबत रोख रक्कमही देता येत नाही. अशा संघाला म्हाताऱ्याचा 30 लाखांचा करार जोडकाम म्हणून निरुपयोगी.

घेणाऱ्याला काय मिळणार? 2021 मध्ये लेकर्सनी मार्क गॅसोलला मेम्फिसकडे पाठवलं तेव्हा 2024 च्या ड्राफ्टमधला (नवे खेळाडू निवडण्याची वार्षिक प्रक्रिया) दुसऱ्या फेरीचा पिक, म्हणजे निवडीचा हक्क, आणि वर रोख रक्कम दिली. दोन्हीकडून काहीतरी जावंच लागतं, म्हणून मेम्फिसने ड्राफ्टमध्ये निवडलेल्या वांग झेलिनचे हक्क दिले आणि गॅसोलला सोडून दिलं. लेकर्सचा लक्झरी टॅक्स (पगार ठराविक रकमेपेक्षा वर गेल्यावर लीगला द्यावा लागणारा कर) वाचला. दुसऱ्या फेरीचा एखादा पिक हा साधारण दर समजा. पहिल्या फेरीचा मागितला तर उठून चला.

काही जुन्या युक्त्या अजून सुचवल्या जातात, त्या विसरा. 2008 मध्ये डॅलसने खेळणं सोडलेल्या कीथ व्हॅन हॉर्नला नवा करार देऊन जेसन किडच्या ट्रेडमध्ये बसवलं. आता अशा साइन-अँड-ट्रेडसाठी (नवा करार देऊन लगेच ट्रेड करणं) खेळाडू आधीचा हंगाम संपताना तुमच्याच संघात असावा लागतो. 2010 मध्ये क्लीव्हलंडचा इल्गॉस्कस ट्रेडमध्ये वॉशिंग्टनला गेला, तिथून सुटला आणि महिन्याभरात क्लीव्हलंडला परतला. हेही आता चालत नाही.

दुखापतीमुळे थांबणारा खेळाडू असेल तर वैद्यकीय तपासणीची अट माफ असल्याचं समोरच्या संघाकडून आधीच लेखी घ्या, नाहीतर नापास शेऱ्यावर सगळा ट्रेड मोडतो. आणि करार याच हंगामाअखेर संपणारा असेल तर फेब्रुवारीची ट्रेडची मुदत हीच शेवटची. ती उलटली की त्या कराराचा ट्रेड करता येत नाही, आणि जूनअखेर करारच संपतो.