इंग्रजी वृत्तपत्रातली बातमी उलगडून कशी वाचावी

इंग्रजी बातमी वाचताना बहुतेकांचं सगळं लक्ष अडलेल्या शब्दांवर असतं. शब्दकोश उघडायचा, अर्थ टिपायचा, पुढे जायचं. एवढ्याने बातमी समजते, पण ती कशी रचली आहे ते कळत नाही. माझ्या मते पाहण्यासारखी गोष्ट एकच: कोणतं विधान वृत्तपत्र स्वतःच्या जबाबदारीवर करतंय आणि कोणतं कुणाच्या तरी तोंडी घालतंय. हा प्रश्न हाताशी ठेवला की रचना आणि भाषा दोन्हींचा अभ्यास सोपा होतो.

सरावासाठी एखाद्या घटनेची साधी, तीन-चारशे शब्दांची बातमी घ्या. अग्रलेख किंवा मुलाखत सुरुवातीला नको. बातमी कागदावर छापून घ्या, समास मोठा ठेवा आणि परिच्छेदांना क्रमांक द्या.

मथळ्याचं पूर्ण वाक्य करा

नमुन्यासाठी एक बातमी रचू. पादचारी पूल कोसळला आहे आणि मथळा आहे: ‘ब्रिज कोलॅप्स किल्स फोर, प्रोब ऑर्डर्ड’. तो पूर्ण वाक्यात लिहा: ‘अ ब्रिज कोलॅप्स हॅज किल्ड फोर पीपल, अँड अ प्रोब हॅज बीन ऑर्डर्ड’. दोन्ही ओळी एकाखाली एक ठेवल्या की मथळ्याचं व्याकरण लगेच दिसतं. घटना घडून गेली, तरी क्रियापद साध्या वर्तमानकाळात आहे. ‘अ’ गळाला. ‘हॅज बीन’ गेलं. चौकशीचा आदेश कुणी दिला, ते कुठेच नाही. ते शोधायला बातमीत शिरावं लागेल.

पुढे होणारी गोष्ट ‘टू’ लावून सांगतात. ‘मिनिस्टर टू मीट फॅमिलीज’ म्हणजे मंत्री भेटणार आहेत, अजून भेटलेले नाहीत. सगळ्यांत जास्त फसगत होते ती ‘मॅन हेल्ड’सारख्या मथळ्यांत. इथे माणसाने कुणाला धरलेलं नाही, त्यालाच पोलिसांनी ताब्यात घेतलंय. ‘प्रोब’ म्हणजे चौकशी, ‘राऊ’ म्हणजे वाद, ‘नॉड’ म्हणजे मंजुरी. जागा कमी असल्याने असे तोकडे शब्द मथळ्यांत सतत येतात. त्यांची वेगळी यादी ठेवा, फार उपयोगी पडते.

मथळ्यातला वर्तमानकाळ शंकेला जागाच ठेवत नाही. ३ नोव्हेंबर १९४८ रोजी ‘शिकागो ट्रिब्यून’ने ‘ड्यूई डिफीट्स ट्रूमन’ असा ठळक मथळा छापला. पुरेसे निकाल हाती येण्याआधीच अंक छपाईला गेला होता, आणि अमेरिकेच्या अध्यक्षपदाची ती निवडणूक ट्रूमन जिंकले. शिवाय मथळा सहसा बातमीदार देत नाही, उपसंपादक देतो. म्हणून मथळ्यातल्या प्रत्येक दाव्याला बातमीत कुठे आधार आहे, ते बोट ठेवून दाखवता आलं पाहिजे.

पहिलं वाक्य तपासा

‘फोर पीपल वेअर किल्ड अँड नाइन इंजर्ड व्हेन अ फुटब्रिज कोलॅप्स्ड ऑन ट्यूजडे मॉर्निंग, पोलीस सेड.’ याला लीड किंवा इंट्रो म्हणतात. कोण, काय, कधी, कुठे, का, कसं यांपैकी कशाची उत्तरं मिळाली ते लिहा. इथे ‘का’ नाही, कारण अजून कुणालाच ते माहीत नाही. आणि शेवटचे दोन शब्द नीट पाहा: आकड्यांची जबाबदारी वृत्तपत्राने पोलिसांवर सोपवली आहे.

खालून कापत चला

घटनेची बातमी बहुधा उलट्या पिरॅमिडसारखी असते: महत्त्वाचं वर, तपशील खाली. शिशाचे खिळे, म्हणजे छपाईचे अक्षरठसे, जुळवण्याच्या काळात जागा कमी पडली की बातमी खालून कापता यायची. तुम्हीही शेवटचा परिच्छेद झाका, मग त्याच्या वरचा. बातमी लंगडी कुठे पडते ते पाहा. समासात प्रत्येक परिच्छेदाचं काम लिहा: घटना, प्रतिक्रिया, पार्श्वभूमी. समजा, मंत्री तिसऱ्या परिच्छेदात बोलतात आणि तडे गेल्याची तक्रार आधीच केली होती असं सांगणारे रहिवासी नवव्यात येतात. हा क्रम कुणीतरी ठरवलेला असतो.

कोण बोलतंय, कोणत्या क्रियापदाने

इथे घाई करू नका. बोलणाऱ्यांची नावं एका रंगाने आणि त्यांना लावलेली क्रियापदं दुसऱ्या रंगाने अधोरेखित करा. ‘सेड’ तटस्थ आहे. ‘क्लेम्ड’ म्हटलं की वाचकाच्या मनात शंका येते. ‘अ‍ॅडमिटेड’मध्ये बोलणाऱ्याची चूक गृहीत धरलेली असते, तर ‘पॉइंटेड आउट’ म्हणताच विधान खरं ठरतं. मंत्री ‘एक्सप्लेन्ड’ आणि रहिवासी ‘क्लेम्ड’ असतील, तर बातमीचा कल तिथेच सापडतो.

कर्मणी प्रयोगही तपासा, पण प्रत्येक ठिकाणी डाव शोधू नका. ‘फोर पीपल वेअर किल्ड’ हे स्वाभाविक आहे, कारण वाचकाला माणसांची काळजी असते. ‘कम्प्लेंट्स वेअर इग्नोर्ड’ मात्र खटकायला हवं. दुर्लक्ष केलं कुणी? ‘अलेज्ड’ हा शब्द बहुतेक वेळा कायदेशीर सावधगिरीचा असतो. गुन्हा सिद्ध होण्याआधी आरोपीला गुन्हेगार म्हणता येत नाही.

फीचर (एखादा विषय खुलवून सांगणारा लेख) आणि अग्रलेखाची रचना निराळी. फीचर अनेकदा एखाद्या माणसाच्या प्रसंगाने सुरू होतं आणि काही परिच्छेदांनंतर ‘नट ग्राफ’ येतो, म्हणजे हे सगळं आत्ता का सांगतोय ते उघड करणारा परिच्छेद. तो शोधा. अग्रलेखात ‘मस्ट’ आणि ‘शुड’ मोजा.

शेवटी त्याच घटनेची दुसऱ्या वृत्तपत्रातली बातमी शेजारी ठेवा. आधी दोन्हींची श्रेयओळ, म्हणजे मजकूर कुणाचा ते सांगणारी ओळ, पाहा. दोन्हीकडे रॉयटर्स किंवा एपी अशा एकाच वृत्तसंस्थेचा मजकूर असेल तर तुलना फक्त मथळ्यांची आणि काटछाटीची होईल. दोघांचे बातमीदार वेगळे असतील, तर रहिवासी तिथे कितव्या परिच्छेदात आले आणि त्यांना कोणतं क्रियापद मिळालं, तिथून सुरुवात करा.